दक्षिणेकडचा ठिपका

गुरुवारी सकाळी फुटबॉलच्या मैदानासमोरचा रस्ता ओलांडताना तिथं रेषा आखणाऱ्या मीटरला एक पाऊल जास्त लागलं. एवढंच झालं. गाडीनं ठोकलं नाही, कुणी खिसा कापला नाही, चक्करही आली नाही. पांढऱ्या पट्ट्यांवरून तो एकतीस वर्षं सोळा पावलांत पलीकडे जायचा. सोळावं पाऊल डावं, आणि ते बरोबर समोरच्या फुटपाथच्या कडेवर टेकायचं. मोजायचं म्हणून तो मोजत नसे; अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी पायाला आपोआप कळते, तसं ते कळायचं. आज सोळावं पाऊल गटाराच्या जाळीवर पडलं. पाय कडेची वाट बघत राहिला आणि कड आलीच नाही. मग सतरावं, उजवं, अर्धंमुर्धं, उगाच टाकल्यासारखं. मागून एका सायकलवाल्यानं घंटी मारली. मीटर फुटपाथवर चढला आणि वळून रस्त्याकडे असा बघायला लागला, जशी काय रस्त्यानंच लबाडी केलीय. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला तो म्हणाला, "रस्ता रुंद केला का हो?" हवालदारानं तोंडातली शिट्टी काढली. "रस्ता? ह्या शहरात? काका, इथं फक्त माणसं रुंद होतात."

मीटर हसला नाही. त्याला हसायला वेळ लागतो, आणि राग लगेच येतो. रस्ता काही रुंद झालेला नव्हता हे त्यालाही दिसत होतं. पट्टे तेच, मधला फुटका दिवा तोच, औषधाच्या दुकानाची पायरी तीच. मग काय बदललं? हिवाळ्यात सामने थांबतात त्या सुट्टीत ऑपरेशन करून त्याचा उजवा गुडघा बदलला होता. चार महिने झाले. त्या चार महिन्यांत त्यानं हा रस्ता पायी ओलांडलाच नव्हता, कारण जावई रोज गाडीतून आणायचा आणि मागच्या फाटकातून थेट सामानाच्या खोलीपाशी सोडायचा. "मामा, गुडघ्याला जपा, दुसरा मिळणार नाही," असं म्हणायचा, आणि मीटरची बायको खिडकीतून म्हणायची, "गुडघा नवा आलाय हो, माणूस तोच जुना आहे, त्याला जपायची गरज नाही." आज जावयाला प्रशिक्षकानं तासभर आधी बोलावलं म्हणून मीटर बसनं आला, आणि रस्त्याच्या ह्या बाजूला उतरला. म्हणजे हा रस्ता त्याला आज भेटला नसता तर पुढंही भेटला नसता. सोळाचे सतरा. एका पावलात किती गेलं असेल? चार बोटं? दोन? त्यानं मनात भागाकार करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला, कारण भागाकाराच्या पलीकडे काय उभं आहे ते त्याला दिसायला लागलं होतं.

मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता फक्त बायकोच्या तोंडी आणि दवाखान्याच्या फायलीवर उरलं होतं. देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या ह्या क्लबच्या मैदानावर रेषा आखायचं काम त्याला मिळालं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, ताडमाड, नुसत्या टांगा. बाकीच्या रेषा खुंट्या ठोकून, दोरी ताणून आखायच्या. त्यात काही कर्तृत्व नाही, दोरी सरळ तर रेषा सरळ. पण पेनल्टीचा ठिपका त्यानं पहिल्याच दिवशी दोरीशिवाय मारला. गोलरेषेच्या मध्यावर टाच ठेवली, नाकासमोर चालत गेला, बारा पावलं टाकली आणि जिथं टाच पडली तिथं खिळा रोवला. त्या वर्षी महासंघाचा तपासनीस आला होता, चष्मा नाकावर, हातात पोलादी मोजपट्टी. त्यानं मोजलं. परत मोजलं. म्हणाला, "अकरा मीटर. केसाचाही फरक नाही. तू माणूस आहेस की मीटर?" झालं. माणूस मागं राहिला आणि मीटर पुढं गेला. तेव्हापासून दर मोसमाच्या सुरुवातीला तो एक सोहळाच होऊन बसला. कपडे धुणाऱ्या बायका, तिकीटवाले, डॉक्टर, नवे आलेले खेळाडू, सगळे गोलामागं उभे राहायचे, मीटर टाच ठेवायचा, आणि बारा पावलं सगळे मोठ्यानं मोजायचे. बाराव्याला टाळ्या. पहिली काही वर्षं तपासनीस मागून मोजपट्टी लावायचा. पुढं नवे तपासनीस आले, तरुण, घाईतले. ते कागद गाडीच्या टपावर ठेवून सही करायचे आणि म्हणायचे, "मीटरनं मोजलंय ना? मग काय मोजायचं?" मीटरला ते ऐकताना आतून कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. इतकं वाटायचं की घरी येऊन तो चार दिवस कुणावर ओरडायचा नाही.

मैदानात दव होतं. अठरा संघांची लीग, चौतीस सामने, त्यातले तेहतीस झाले होते, आणि गवताला ते सगळे माहीत होते. लोकांना मोसम गुणतक्त्यात दिसतो. मीटरला तो गवतात दिसायचा. सुरुवातीला गवत दाट होतं आणि संघ नववा होता. पावसाळी सामन्यांत मध्यभाग चिखल झाला आणि संघ अकरावा झाला. सुट्टीपर्यंत दक्षिणेकडच्या गोलासमोर इतकं टक्कल पडलं की तिथं नवं गवत आणून गालिच्यासारखं अंथरावं लागलं. ते अंथरलं तेव्हा मीटर दवाखान्यात छताकडे बघत पडलेला होता. परत आला तर दक्षिणेला ठिपकाच नव्हता. जुना ठिपका जुन्या गवताबरोबर गेला होता. उत्तरेचा होता तसाच होता, त्याच्यावर फक्त दर आठवड्याला रंगाचा नवा थर. दक्षिणेला त्यानं नवा मारायचा होता. काठी भिंतीला टेकवली, टाच रेषेवर ठेवली आणि बारा पावलं टाकली. कपडे धुणाऱ्या दोघीतिघी मोजायला आल्या होत्या. टाळ्याही वाजवल्या. "गुडघा बदलला तरी मीटर बदलला नाही," एकजण म्हणाली. ठिपक्यावरूनच दोरी धरून पेनल्टीच्या चौकटीबाहेरचं अर्धवर्तुळ काढायचं असतं. ते काढताना त्याला ते जरा खुजं वाटलं होतं. हे आत्ता आठवलं. तेव्हा तो स्वतःशी म्हणाला होता, नवं गवत आहे, जास्त हिरवं आहे, म्हणून दिसतंय. माणूस स्वतःला किती पटकन समजावतो. टीव्हीवाले सतरा कॅमेरे लावतात, पण सतराही कॅमेरे चेंडूमागं धावतात. जमिनीकडे बघायला पगार फक्त मीटरला मिळतो.

सामानाच्या खोलीत मोजपट्टी सापडायला वेळ लागला. ती फळीच्या मागं पडली होती, कोळ्याच्या जाळ्यात, कारण तिचं काम कधी पडलंच नव्हतं. त्यानं पट्टीच्या टोकाची कडी खिळ्यात अडकवून गोलरेषेवर रोवली आणि दक्षिणेचा ठिपका मोजला. दहा मीटर बावन्न. त्यानं पट्टी झटकली, पीळ काढला, परत मोजलं. दहा बावन्न. मग पूर्ण मैदान चालत उत्तरेला गेला, तिथं मोजलं. अकरा. केसाचाही फरक नाही. परत येताना त्याला त्याची पावलं ऐकू येत होती, एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड, आणि चार महिने हे आपल्याला कसं ऐकू आलं नाही ह्याचंच त्याला नवल वाटत राहिलं. भीती वगैरे काही वाटली नाही. फक्त कान गरम झाले. लहानपणी वर्गात मास्तरांनी सगळ्यांसमोर उभं केलं की व्हायचे तसे.

आणि मग जावई. तो टाळत होता तो विचार आता चालत येऊन समोर बसला. जावई ह्याच क्लबचा गोलकीपर. एकोणीस वर्षांचा असताना आला होता, तेव्हा मीटर त्याला "अरे, ठिपक्यावर पाय घासू नको," असं ओरडायचा. नंतर मीटरच्या मुलीनं त्याच्याशीच लग्न केलं आणि "अरे"चं "अहो" करावं लागलं. राग आला की मात्र परत "अरे" बाहेर पडायचं. पेनल्टी अडवण्यात त्याच्यासारखा लीगमध्ये दुसरा नव्हता. गेल्या मोसमात सातांतल्या चार अडवल्या. प्रेक्षक त्याला कुलूप म्हणायचे. ह्या मोसमात, सुट्टीनंतर, दक्षिणेच्या गोलात त्याच्यावर पाच पेनल्ट्या मारल्या गेल्या आणि पाचही आत गेल्या. पहिली गेली तेव्हा लोक म्हणाले, असतं एखादं. दुसरी त्याच्या हाताला लागून गेली. तिसरीला तो बरोबर बाजूला उडाला आणि चेंडू त्याच्या बोटांच्या आधी निघून गेला. तिसरीनंतर स्टँडमधून आवाज आला, "कुलूप गंजलं, तेल घाला!" चौथीनंतर कुणीतरी जुन्या किल्ल्यांचा जुडगा फेकला, आणि तो मीटरनं उचलला, कारण गवतात राहिला तर कापायच्या यंत्राचं पातं तुटतं. पाचवीनंतर प्रशिक्षकानं त्याला बाकावर बसवलं. तीन सामने तो बाकावर होता, संघ सोळावा झाला, शेवटचे तीन खाली ढकलले जातात. मग दुसऱ्या गोलकीपरचं बोट मोडलं म्हणून कुलूप परत दाराला लागलं आणि संघ कसाबसा पंधरावा झाला. शनिवारचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी संघ वाचणार होता. त्याच्या कराराचं काय करायचं ते क्लब सामन्यानंतर ठरवणार होता, म्हणजे ठरवलेलंच होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं.

बाकावर बसवलं त्या आठवड्यात सगळे मीटरकडे जेवायला होते. जावई ताटाकडे बघत म्हणाला, "कसं सांगू? दक्षिणेला चेंडू लवकर येतो." म्हणजे तक्रार म्हणून नाही. एखाद्याला दुखणं कुठं आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही, तसं. आणि मीटर म्हणाला होता, "चेंडू लवकर येत नाही जावईबापू, हात उशिरा जातात." सगळे हसले होते. बायको हसली, शेजारचा टॅक्सीवाला आला होता तो हसला, जावई स्वतः हसला. जावई दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह सासऱ्याच्या थट्टेवर हसणारा होता. मुलगी हसली नाही. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. तिनं त्याचे डोळे दुकानात चार वेळा तपासले, मग मोठ्या डॉक्टरकडे नेलं, मग कुठल्याशा प्रयोगशाळेत, जिथं भिंतीवर दिवे लागतात आणि लागले की हात मारायचा. सगळीकडे उत्तर एकच, नजर उत्तम, हात उत्तम. मग मनाचा डॉक्टर. मग झोपेच्या गोळ्या. एकतीस वर्षांचा धडधाकट माणूस, जेवताना चमचा उचलायच्या आधी हाताकडे बघायला लागला होता. हे मीटरनं पाहिलं होतं. पाहिलं आणि मनात म्हणाला होता, वय झालं बिचाऱ्याचं.

खोलीत रंगाच्या डब्यावर बसल्या बसल्या त्याला बाप आठवला, जो त्याला सहसा आठवत नाही. बाप शिंपी होता. गळ्यात टेप, कानावर खडू. एकदा पोस्टमनचा कोट शिवला आणि उजवी बाही दोन बोटं आखूड कापली गेली. पोस्टमन आरशासमोर उभा राहून बाही ओढत होता. बापानं चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाला, "बाही बरोबर आहे. तुमचा हात वाढलाय. पिशवी उचलून उचलून उजवा हात वाढतो, पोस्टमन लोकांचं असतंच तसं." पोस्टमननं आपला हात लांब करून बघितला, मग दुसरा बघितला, आणि खरंच वाटलं त्याला. पैसे देऊन गेला. मीटर तेव्हा आठ वर्षांचा, बटणं निवडत खाली बसलेला. बापानं त्याच्याकडे बघून डोळा मारला आणि दोघं पोट धरून हसले. पुढं कितीतरी वर्षं तो पोस्टमन दारात पत्र देताना उजवी बाही डाव्या हातानं खाली ओढायचा. सवयच लागली. ते बघून ते परत हसायचे. इतका भारी विनोद होता तो.

शुक्रवारी दिवसभर मीटरनं रेषांवर रंग दिला. दक्षिणेच्या ठिपक्यापाशी आला की बाजूनं जायचा, जसं काय तिथं कुणी झोपलंय. खरं तर दहा मिनिटांचं काम होतं. जुन्या ठिपक्यावर हिरवी पूड टाकायची, गोलापासून अठ्ठेचाळीस सेंटीमीटर आणखी लांब नवा मारायचा, दोरीनं अर्धवर्तुळ नवं काढायचं. कुणाला कळलं नसतं. पण मग पाच गोल कुठं जाणार? ते जावयाच्या हातात राहणार, कायमचे. जमिनीवरचा तो चुकलेला ठिपका एवढाच एक पुरावा होता, आणि तो पुसायचा अधिकार फक्त त्याच माणसाला होता ज्यानं तो चुकवला. त्याला हेही वाटून गेलं की अठ्ठेचाळीस सेंटीमीटर म्हणजे काय, चेंडूला डोळ्याची पापणी लवायच्या आत पार होणारं अंतर. कदाचित पाचही गेलेच असते. हा विचार त्याला फार आवडला. आवडला म्हणूनच त्याचा विश्वास बसेना.

संध्याकाळी तो मुलीच्या घरी गेला. जावई बाहेरच्या खोलीत भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून झेलत होता, ठक, ठक, आणि मुलगी स्वयंपाकघरातून म्हणत होती, "खालचे परत वर आले तर ह्या वेळी तूच बोलायचंस त्यांच्याशी." मीटरला बघून ती म्हणाली, "बाबा, एकटाच? आई कुठाय?"

"घरी. बस जरा. दोघं बसा."

"काय झालं? गुडघा?"

"गुडघाच," मीटर म्हणाला, आणि सगळं सांगितलं. रस्ता, सतरावं पाऊल, मोजपट्टी. उभ्यानंच सांगितलं.

जावयानं विचारलं, "किती?"

"अठ्ठेचाळीस."

जावयानं दोन्ही हात समोर धरले, तेवढं अंतर ठेवून, आणि त्या मधल्या मोकळ्या जागेतून तो पलीकडे बघत राहिला. मग हात खाली घेतले.

मुलगी मात्र पेटली. ती बापावर गेलीय. "चार महिने! चार महिने मी ह्याच्या डोळ्यांत बॅटरी मारतेय! तू भर जेवणात त्याला टोमणा मारलास बाबा, माझ्यासमोर! लोकांनी किल्ल्या फेकल्या आणि तू त्या गोळा केल्यास!"

"मला माहीत नव्हतं."

"एकदा पट्टी लावायची होती. एकदा! मी चष्मा देताना तीनदा मोजते, आणि तो नाकावर बसतो नुसता!"

"ओरडू नकोस त्यांच्यावर," जावई म्हणाला.

"मग कुणावर ओरडू? भिंतीवर?"

"उद्या पंच मैदान बघायला येतील," मीटर म्हणाला, "तेव्हा त्यांना सांगतो. त्यांच्यासमोर मोजतो. ते लिहून घेतील."

जावई हसला. चांगलं नाही हसला. "मामा, तुम्ही कोण माझे?"

"म्हणजे?"

"सासरे. लोक काय म्हणतील सांगू? कुलपाच्या सासऱ्यानं कराराच्या आदल्या दिवशी ठिपका सरकवला आणि बोंब मारली. स्वतः मारला, स्वतः मोजला, वा! आणि तुमची नोकरी? एक वर्ष राहिलंय. निवृत्तीचा समारंभ, घड्याळ, सगळं बोंबललं. गपचूप सकाळी जा आणि बरोबर करा. विषय संपला."

"मग तुमचं काय?"

"माझे गेले ते गेले. गोल परत येतात का?"

"अरे, पण ते तुझे नाहीत ना!" मीटर एवढ्या मोठ्यानं ओरडला की खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर काठी आपटली.

जावई उठून न्हाणीघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. तो खूप वेळ चालू राहिला. मग मुलगी हळूच म्हणाली, "बादली भरून वाहत असेल आता," पण उठली नाही. निघताना मीटरनं तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" ती दाराची कडी धरून म्हणाली, "माझं? बाबा, तो माणूस झोपेत पण उजवीकडे उडी मारतो. काल दिवा पाडला. माझं म्हणणं तू मला विचारू नकोस."

शनिवारी सकाळी आठला मीटर मैदानावर होता. सामना तीनला. बसमधून उतरून त्यानं रस्ता ओलांडला आणि ह्या वेळी पावलं मोजली नाहीत. सामानाच्या खोलीतून हिरव्या पुडीचा डबा, पांढरा रंग आणि दोरी बाहेर काढली आणि ती दक्षिणेच्या गोलापाशी नेऊन ठेवली. ऊन स्वच्छ होतं. स्टँड रिकामे, फक्त वरच्या रांगेत दोन बाया झाडू मारत होत्या आणि त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं, कुणाच्या तरी सुनेबद्दल. ठिपका पांढराशुभ्र होता. मीटरला तो वाईट दिसेना. उलट सुरेख दिसत होता, गोल, कडा साफ, कुठं ओघळ नाही. चूक अशी दिसायला नको खरं तर. वाकडीतिकडी दिसायला हवी, म्हणजे माणसाला सोपं जातं. त्यानं डब्याचं झाकण उघडलं. मग त्याच्या मनात आलं की आत्ता हे पुसलं तर ह्या जगात ही गोष्ट तीन माणसांनाच माहीत राहील, आणि तिघंही एकाच टेबलावर जेवतात. ते टेबल त्याला दिसलं. मीठ दे, पाणी दे. जावई चमच्याआधी हाताकडे बघतोय. आणि आपण, आता माहीत असताना, त्याच्याकडे बघतोय. त्यानं झाकण परत लावलं आणि डब्यावर बसून राहिला. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन एका स्टँडवरून दुसऱ्यावर गेलं. त्याला भूक लागली आणि गेली. वाट बघण्यात एक गंमत असते, ती म्हणजे माणसाला काही करावं लागत नाही.

एकला पंच आले. मुख्य पंच उंच, टक्कल पडलेला, हातात वही. मागं दोन रेषापंच, इस्त्रीचे कपडे, गप्पा मारत. दरवेळेसारखं ते मध्यातून चालत आले, जाळीला हात लावला, कोपऱ्यातले झेंडे हलवून बघितले. खेळाडू अंग गरम करायला नुकतेच बाहेर यायला लागले होते आणि जावई हातमोजे चढवत ह्याच गोलाकडे येत होता. त्यानं रंगाचे डबे बघितले, ठिपका बघितला, आणि तो मधेच थांबला.

"काय मीटर, सगळं ठीक?" पंचानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वही मिटायला घेतली.

"नाही," मीटर म्हणाला. "जरा पट्टीचं टोक धरता का साहेब?"

"कशाला? तू मोजलंयस ना?"

"म्हणूनच."

पंचाला वाटलं थट्टा आहे. रेषापंच हसले. पण मीटरच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसणं अर्ध्यात राहिलं. पंचानं कडी हातात घेतली, गोलरेषेवर वाकला. मीटर पट्टी सोडत ठिपक्यापर्यंत चालत गेला, एक लांब, एक आखूड, आणि गुडघ्यावर बसायला गेला तर नवा गुडघा वाकेना, तेव्हा तो पाय पसरून सरळ गवतावर बसला. "मी वाचलं तर तुम्ही म्हणाल सासऱ्यानं वाचलं," तो म्हणाला. "तुम्ही या इकडे. तिकडचं टोक कुणालातरी द्या."

पंचानं इकडेतिकडे बघितलं. सगळ्यात जवळ जावई होता. तो पुढं झाला, हातमोजा काढला आणि पंचाच्या हातातून कडी घेतली. पंच ठिपक्यापाशी आला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यानं आकडा वाचला. पहिल्यांदा मनात वाचला, ते त्याच्या ओठांवरून कळलं.

"हे कधीपासून असं आहे?"

"हिवाळ्याच्या सुट्टीपासून. मी मारला. पट्टी न लावता मारला." मीटरचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, झाडणाऱ्या बाया वर थांबून बघायला लागल्या होत्या. "ह्या ठिपक्यावरून समोरच्या संघांच्या पाच पेनल्ट्या गेल्या आणि आमच्या तीन. आमच्या तीनही लिहा. त्यातल्या एकीवर आम्ही सामना जिंकलोय."

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस? हे महासंघाकडे जाईल."

"जाऊ दे. लिहा."

खेळाडू ज्यातून बाहेर येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी क्लबचा व्यवस्थापक दिसला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं, तो टाय सावरत धावत येत होता आणि लांबूनच हातानं थांबा, थांबा करत होता. पंचानं वही उघडली, पेन झटकलं, लिहायला लागला. गोलरेषेवरून जावई म्हणाला, "मामा, बास झालं. उठा आता."

"बास काय, बास!" मीटर बसल्या जागेवरून ओरडला. "त्यांचं लिहून व्हायचंय अजून. पट्टी ढिली सोडू नको. ताठ धर."

जावयानं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ती रेषेवर दाबून धरली.